दुधी कोनफळाचं बेणं

आटगाव स्टेशनावरून डोंगराकडे जाणारा रस्ता जिथे संपतो, त्या गावातल्या जनीला वय विचारलं तर ती म्हणते, "धाकलूला विचार. तो माझ्याहून लहान हाय." धाकलू तिचा दीर, भिंतीला भिंत लावून राहणारा. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "वहिनीला विचार. ती माझ्याहून मोठी हाय." वयाची चौकशी करायला आलेला माणूस या दोन ओट्यांच्या मधे कपाळाला हात लावून उभा राहतो आणि शेवटी मनाला येईल ते लिहून मोकळा होतो.

पण कोनफळाचं विचारा. मग जनी पदर खोचून सुरू होते, आणि ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जातो. तिच्या परसात एकेकाळी कंदांचं गोकुळ होतं. नावं घ्यायची तीही कशी, तर घरातल्या सुनांची घ्यावी तशी, स्वभावासकट. जांभळं कोनफळ नटवं. कापलं की रंग दाखवतं, चवीला बेताचंच. कणगर लेकुरवाळी, एका वेलाखाली मूठ मूठ पोरं. करांदा तोंडाळ, वेलावर लटकतो आणि नीट उकडला नाही तर जीभ कडू करतो. आणि दुधी कोनफळ म्हणजे तिच्या मते घरातली ती सून, जिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही आणि जिच्यावर सगळं घर चाललं. आतून पांढरं, एका उकळीत शिजणारं, बोटाने मोडलं तरी मोडावं असं मऊ.

हे दुधी तिच्या माहेरचं. मुरबाड तालुक्यात, धसईच्याही पलीकडे, डोंगराला टेकलेलं तिचं गाव. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईने तिच्या ओटीत त्याची डोकी घातली. कोनफळाच्या ज्या टोकातून वेल फुटतो ते त्याचं डोकं, आणि तेच त्याचं बेणं. बाकीचं खायचं, डोकं राखेत घोळून माळ्यावर ठेवायचं आणि पावसाच्या आधी खड्ड्यात पुरायचं. सासूने ते पांढरं बेणं पाहून नाक मुरडलं होतं. पण पुढल्या वर्षी फाल्गुनात कणगीतला भात तळाला गेला, घरात खाणारी तोंडं तेवढीच राहिली, तेव्हा तीच सासू सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुझी आय शहाणी गो." इतर कंद तोवर सुकत, किडत. दुधी पावसाच्या तोंडापर्यंत टिकायचं. जनीच्या मुलाचं, सुनिलचं, अंगावरचं दूध त्याच्यावरच तुटलं. नवरा सुदाम गेला तो त्याचाच शेवटचा घास गिळून. घशाच्या आजारात दोन महिने त्याला दुसरं काही उतरतच नव्हतं.

आता या भागातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं पुढचं त्या रीतीनेच घडवलं. बेणं विकत नाहीत. मागायला येईल त्याला द्यायचं. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, फक्त देणाऱ्याच्या घरचं बेणं कुजलं, डुकराने खाल्लं, तर मागे वळून द्यायचं. म्हणजे माझं बेणं तुझ्या परसात, तुझं माझ्या परसात. एकाच्या घरी बुडालं तरी गावात तरतं. जनीने आयुष्यभर हे बेणं वाटलं. सासू होती तोवर बौद्धवाडीतल्या बाया आल्या की बेणं बांधावर ठेवलं जायचं, त्यांनी ते उचलून न्यायचं. सासूच्या मागे जनीने ते हातात दिलं. त्यावरून चार म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली, तर ही त्यांनाच म्हणाली, "तुमच्या तोंडाहून माझं कोनफळ सरळ हाय."

वाटून वाटून तिला एक गर्व चढला होता. साधा नव्हे, चांगला अंगाला लागलेला गर्व. कुणाच्याही परसात मांडवावर वेल चढलेला दिसला की ती मनात म्हणायची, माझंच आहे ते.

गेल्या थंडीत रानडुकरांनी खालच्या शेताकडचे सगळे वाफे नांगरल्यासारखे उलथून टाकले. घराजवळचे थोडे वेल वाचले, त्यांच्याखाली दुधी मिळालं ते एका टोपलीत बसलं. त्याच सुमाराला तिची नात कुणाली वाशिंदला बाळंत झाली. पहिलटकरीण, वर सासरची माणसं शहरी वळणाची. जनीने टोपली धुतली, खाली केळीचं पान घातलं आणि सगळी कोनफळं तीत रचली. सून सरिता बघत होती. ती म्हणाली, "आई, डोकी तरी कापून ठेवा."

"लेकीच्या सासरी मुंडकं उडवलेलं कोनफळ पाठवू? काय म्हणतील ती माणसं?"

यात जनीचं काही चुकलं असं त्या गावात कुणी म्हणणार नाही. लेकीकडे जाणारं फळ असो की कंद, अख्खंच जातं. कापलेलं पाठवणं म्हणजे आधी आम्ही खाल्लं, मग तुम्हाला दिलं, असा अर्थ होतो.

"आणि बेणं?" सरिता म्हणाली.

"बेण्याला काय तोटा! सगळ्या गावात माझंच बेणं हाय. वैशाखात जाईन, घेऊन येईन."

टोपली वाशिंदला गेली. कुणालीच्या सासूने फोन करून नाव काढलं. जनी आठवडाभर ओट्यावर ताठ बसत होती.

वैशाख आला. जनीने खड्डे खणून घेतले, त्यात पालापाचोळा आणि शेणखत भरलं. मग तिने सरितेकडून कुणालीला फोन लावून घेतला. मनात एक वेडी आशा होती की एखादं डोकं वाशिंदला उरलं असेल.

"डोकी? आजी, ती कडक असतात ना, सोलताना फेकली आम्ही. ओल्या कचऱ्यात."

"सगळी?"

"का गो? ठेवायची होती काय?"

"नाय गो. बाळ कसं हाय?" जनी म्हणाली. नातीला काय बोलणार? चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या पोरीने कोनफळाचं डोकं कुठे पुरायचं होतं, गॅलरीत?

मग ती धाकलूकडे गेली. भिंतीपलीकडे जायचं, त्याला चपलाही नकोत. धाकलू खाटेवर विडी ओढत होता.

"भावजी, दुधीची चार डोकी द्या."

धाकलूने विडी खाली घेतली. "दुधी? ते कुठं हाय माझ्याकडं? काढून टाकलं ना."

"काढलंत? कधी?"

"झाली की वर्षं. टेम्पोवाला फक्त जांभळं उचलतो. पांढरं दाखवलं तर म्हणतो, ये क्या है, मुळा है क्या? बाजारात जांभळ्याचं आइस्क्रीम करतात म्हणे. आता पांढऱ्याचं काय करशील? आइस्क्रीम तर पांढरं असतंच."

"खायला तरी ठेवायचं होतं."

"खायला तू होतीस ना. वहिनीकडं हाय म्हंजे माझ्याकडं हायच, असं धरून चाललो. लागलं तर भिंतीवरून मागितलं असतं." आणि मग त्यालाच उमगलं. "म्हंजे तुझ्याकडं नाय?"

जनी उठून चालू लागली. धाकलू मागून म्हणत राहिला, "जांभळं ने की गो, हवं तेवढं ने." त्याचा काय दोष? तो तिच्यावर विसंबला, ती त्याच्यावर.

बौद्धवाडीत सोनूबाईचं घर. दुष्काळी कामावर दोघींनी मिळून खडी फोडलेली, एकाच फडक्यातलं कोनफळ खाल्लेलं. दुधी सोनूबाईकडे नसेल तर कुठेच नसेल, असं जनी स्वतःशी म्हणत चालली होती. घर आता पक्कं झालं होतं, पुढे फरशी, मागे न्हाणीघर. जिथे मांडव असायचा तिथे पाण्याची काळी टाकी उभी होती. ती टाकी पाहून जनी अंगणातच थांबली.

"बस," सोनूबाई म्हणाली. "मला ठाव हाय तू कशाला आलीस. धाकलूच्या घरून निघालीस तेव्हाच इकडं कळलं."

"नाय ना तुझ्याकडं?"

"नाय." सोनूबाईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "अनिकेतला नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, आई, ही गरिबीची झाडं परसात नको. पावणे आले की मला लाज वाटते. मी काढलं."

"लेकाच्या म्हणण्यावर काढलंस?"

"त्याच्यावर कशाला ढकलू? मलाबी नको होतं. तुला खोटं नाय सांगत. तू ते आयच्या मायेनं लावलंस. आमी लावलं पोटात खड्डा होता म्हणून. सकाळी तेच, सांजच्याला तेच, सणाला तेच. ते उकडल्याचा वास आला की मला अजून उपाशी झोपलेली पोरं आठवतात. उपटलं तेव्हा मला वाईट नाय वाटलं, जनी. बरं वाटलं."

जनीला राग यायला हवा होता. जिभेवर येणारं एकेक तिखट ती गिळत गेली, कारण सोनूबाई बोलत होती त्यात खोट काढायला जागा नव्हती. आपण जे जपलं ते दुसऱ्याच्या घरी जखमेसारखं होतं, हे तिच्या कधी मनात आलंच नव्हतं.

"पण संपून जावं असं नव्हतं हां वाटलं," सोनूबाई हळू म्हणाली. "म्हटलं, जनीकडं हाय. ती काय मरेस्तोवर सोडत नाय."

पुढचे दिवस ती घरोघर फिरली. काय काय ऐकलं तिने! कुणी म्हणालं, डुकरं राहू देत नाहीत. कुणी म्हणालं, माणूस मिळत नाही एवढे खोल खड्डे खणायला. एकीने परस विकलं होतं, तिथे मुंबईवाल्याने हिरवळ लावली होती आणि कुंपणाला विजेची तार. आणि प्रत्येक ठिकाणी, बोलणं संपता संपता, तेच एक वाक्य: तुझ्याकडं असंलच म्हणून आमी काय ठेवलं नाय. पहिल्या दोन-तीन वेळा ते वाक्य तिला मानाचं वाटलं. मग ते दगडासारखं अंगावर येऊ लागलं. सगळ्या गावाने मिळून एक ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवलं होतं, तिला न सांगता. आणि तिने ते वाशिंदला आहेरात देऊन टाकलं.

उरला ओमकार. चुलत घरातला पुतण्या, पुस्तकं वाचून शेती करणारा. त्याने तारांवर वेल चढवले होते, ठिबक लावलं होतं, सगळं एका ओळीत, एका उंचीचं. मुलगा चांगला, उद्धट नव्हता. काकीला खुर्ची दिली.

"काकी, एकच जात लावायची. जांभळ्यात एक जरी पांढरं निघालं तरी सगळा माल मागे पाठवतात. मागल्या वर्षी बेण्यात तुमची पांढरी डोकी मिसळलेली होती, मी एक एक वेचून बाहेर टाकली."

"कुठं टाकलीस?"

"बांधावर."

जनी खुर्चीतून उठली ती थेट बांधावर. ओमकार "काकी, ऊन हाय" म्हणत मागे आला आणि मग थांबला. वाळलेलं गवत, निवडुंग, भोकं पडलेले प्लॅस्टिकचे पाइप. जनी बांधावर बसून हातांनी माती उकरत पुढे सरकत होती. कंदाला या दिवसांत पाऊस नसतानाही कोंब फुटतो, हे तिला माहीत होतं. आणि एका करवंदीच्या जाळीखाली तिला तो दिसला: लालसर, करंगळीएवढा, नुकता डोकं काढलेला कोंब.

तिच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच आलं. "हाय रे! ओमकार, हाय!"

काटे लागले तरी तिने हात आत घातला, कोंब दोन बोटांत धरला आणि तिची बोटं थांबली. कोनफळाचा वेल कोवळेपणापासून चौधारी असतो, बोटांना कडा लागतात. हा गोल होता. कडू कांद. रानातला, ज्याला राख घालून उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाही. पाखरं, डुकरं कुणी आणून टाकलेला.

तिने कोंब सोडला आणि डोकं गुडघ्यांवर टेकवलं. ओमकारला वाटलं काकीला चक्कर आली. त्याने पाणी आणलं. "काकी, एवढं काय हाय त्या पांढऱ्यात?" त्याने खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. आयुष्यभर कोनफळावर तास तास बोलणारी बाई हातांची माती झटकत घराकडे वळली.

घरी येताना तिने मनाशी पक्कं केलं: उद्या माहेरी जायचं. शहापूरहून सरळगाव, सरळगावहून धसई. जिथून बेणं आलं तिथे ते असणारच. मूळ कधी आटतं काय? तिथे चुलत बहीण काशी होती, गावातच दिलेली, जनीएवढीच म्हातारी. काशीने ठेवलं असणार. या विचारानेच तिला जरा धीर आला आणि तिने सरितेला भाकऱ्या बांधून द्यायला सांगितलं.

त्याच दुपारी अंगणात रिक्षा थांबली आणि काशी उतरली.

हातात जडशी कापडी पिशवी. जनीने आधी पिशवीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. देव आहे, असं तिला त्या क्षणी वाटलं. न मागता मनातलं ओळखून कुणी एवढ्या उन्हात ओझं घेऊन येतं? ती धावली, काशीच्या गळ्यात पडली, तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. सरितेने पाणी दिलं, चहा टाकला. जनीचे डोळे पिशवीवरून हलत नव्हते.

काशीने पिशवी उलटी केली. कैऱ्या घरंगळल्या, मागोमाग वालाची एक पुरचुंडी. मग तिने पिशवी झटकली, मांडीवर सरळ केली आणि बहिणीपुढे धरली.

"मी रिकामी केली. आता तू भरून दे."

"काय भरू?"

"काय म्हंजे? दुधीचं बेणं. आमच्याकडचं पाणी साचून कुजलं, त्याला झालीत वर्षं. गावात कुणी ठेवलं नाय. सगळी मोगऱ्याच्या मागं लागली, कल्याणला जातो ना मोगरा. मी म्हटलं, घाई कशाला, जनीनं नेलेलं हाय, लेकीकडं गेलेलं बेणं कुठं जातंय? आता दात गेले, आणि महिनाभर सारखं तेच खावंसं वाटतंय. म्हटलं, जीव हाय तोवर जाऊन आणावं."

सरिता कपबशा घेऊन दारातच थांबली. जनीने पिशवीचे बंद हातात घेतले, पुन्हा काशीच्या मांडीवर ठेवले.

"काशी, नाय माझ्याकडं."

काशी आधी हसली. जनीची थट्टा तिला लहानपणापासून माहीत होती. मग तिने जनीचं तोंड नीट पाहिलं.

जनीने सगळं सांगितलं. टोपली, वाशिंद, धाकलू, सोनूबाई, बांध. काशी ऐकता ऐकता लाल झाली. "अख्खं पाठवलंस? डोक्यासकट? अकलेचा कांदा गो तू!"

"आणि तू? तू तर मुळातच होतीस! तुझ्या दारातलं कुजलं आणि तू वर्षानुवर्षं बसून राहिलीस!"

"तुझ्या भरवशावर बसले!"

"मग मी कुणाच्या भरवशावर बसले होते?"

दोघी जोरजोरात बोलत होत्या. धाकलू भिंतीपलीकडून डोकावला आणि गुमान आत गेला. मग दोघींचाही श्वास संपला. चहावर साय धरली. काशीने पदराने डोळे पुसले आणि ती जनीच्या जवळ सरकून बसली. जनीला वाटत होतं की आपण मेलो असतो तरी एवढं रिकामं झालं नसतं. माणूस गेलं तर मागे त्याचं कुणीतरी असतं.

"कसं गोड असायचं गो," जनी शेवटी म्हणाली. "मीठ न लावतासुद्धा."

काशीने मान हलवली. "गोड नव्हतं. अळणी होतं. मीठ लावल्याबिगर घशाखाली उतरत नव्हतं. आय तर वर मिरचीचा ठेचा द्यायची."

"गोड होतं, काशी. मी एवढी वर्षं खाल्लं."

"मी काय खाल्लं नाय? गोड ती कणगर. दुधीला गोडी नव्हती."

"सुनिलच्या बापाला मीठ चालत नव्हतं. त्यानं तसंच खाल्लं. गोड होतं म्हणूनच खाल्लं ना?" जनीने दारातल्या सरितेकडे पाहिलं. "तू सांग गो. तू खाल्लंस ना? गोड होतं की अळणी?"

सरिता गोंधळली. तिने आठवून पाहिलं. तिला जांभळं आठवलं, करांदा आठवला, उकडलेल्याचा वास आठवला.

"आई, मला नाय सांगता येत," ती म्हणाली.

जनी पुन्हा काशीकडे वळली. आजवर कुणी असा वाद घातला असता तर ती ताडकन उठून चूल पेटवायला गेली असती. आता उकडून दाखवायला तुकडा नव्हता. आणि काशीचं खरं की आपलं, आपण आयुष्यभर लोकांना नेमकं काय वाटून दिलं, हेही तिला कळायची सोय उरली नव्हती.